नैराश्य, अळंबी आणि पाचवे शील

आमच्या संस्थेच्या अभ्यासवर्गात दर रविवारी वंदना झाल्यानंतर तासभर चर्चा होते, हे सभासदांना ठाऊक आहेच. गेल्या वर्षावासात एका रविवारी पंचशीलावर बोलणे चालू असताना मागच्या रांगेतला एक महाविद्यालयीन विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, परदेशात नैराश्याच्या रुग्णांना डॉक्टरच नशा आणणारी अळंबी देतात आणि रुग्ण बरे होतात, असं वाचलं. मग पाचव्या शीलाचं काय?" वर्गात हशा पिकला. आम्हांला उत्तर येत नव्हते. "वाचून सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात थांबलेला दिसला. त्याची थोरली बहीण दोन वर्षांपासून नैराश्याच्या गोळ्या घेत होती. तोच मजकूर तिच्याही वाचनात आला होता आणि "या गोळ्या फुकट आहेत, खरे औषध वेगळेच आहे" असे म्हणून तिने आठवड्यापूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. रात्रभर झोप नाही, चक्कर येते, चिडचिड होते. घरात आईला यातले काही माहीत नाही. म्हणजे प्रश्न पाचव्या शीलाचा नव्हताच. त्या मुलाला चारचौघांत विचारता येईल असा तेवढाच एक प्रश्न होता.

आम्ही त्याला इतकेच सांगितले की उद्याच्या उद्या तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. या गोळ्या अशा एकाएकी बंद करायच्या नसतात, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. नंतर दिलेला शब्द पाळण्यासाठी वाचायला बसलो. आम्ही बँकेत लेखनिक, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकशास्त्रातले आमचे ज्ञान वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीपुरते. तरीही जे वाचले, जे समजले ते येथे मांडतो आहोत.

प्रथम नैराश्य म्हणजे काय ते पाहू. परीक्षेत कमी गुण मिळाले, बदली गैरसोयीच्या गावी झाली, म्हणून चार दिवस मन खट्टू होते. ते हे नव्हे. आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षे कशातच रस वाटत नाही, झोप व भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत ही भावना हटत नाही आणि मरणाचे विचार येऊ लागतात, त्याला वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणते. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नमूद करतो.) त्यात साधारण दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे आढळले आणि अशा शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. आपल्या वस्तीत हा आजार "डोक्यावर परिणाम झाला", "बाहेरचं काही लागलं" किंवा "नाटकं करते" या तीन वाक्यांत निकालात निघतो. त्यामुळे तो आकडा वाचून आम्हांला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

उपचार घेणाऱ्यांतही काही रुग्ण असे असतात की दोन किंवा अधिक प्रकारच्या गोळ्या पुरेसा काळ घेऊनही त्यांना उतार पडत नाही. उपचारांना दाद न देणारे नैराश्य असे त्याला म्हणतात. परदेशातील हे प्रयोग मुख्यतः अशाच रुग्णांसाठी सुरू झाले.

आता त्या अळंबीविषयी. पावसाळ्यात आपल्याकडे उगवणारी भूछत्रे सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या काही जातींत सिलोसायबिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या विशिष्ट ग्राहकांवर काम करते आणि पाच-सहा तास माणसाचे पाहणे, ऐकणे, आठवणे, स्वतःविषयीचे भान, सारेच पालटून जाते. अशा द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. मनाला उघड करून दाखवणारे, असा त्याचा अर्थ. हेच ऑस्मंड कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एलएसडी या दुसऱ्या एका द्रव्याने दारूड्यांची दारू सोडवण्याचे प्रयोग करीत होते. नशेने नशा सोडवायची, हे ऐकून आमच्याप्रमाणेच वाचकही चपापतील. पण २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी सिलोसायबिनचा तसाच प्रयोग प्रसिद्ध केला आणि समुपदेशनासोबत हे द्रव्य दिलेल्या रुग्णांचे अतिमद्यपानाचे दिवस दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाल्याचे त्यात दिसले.

या अळंबीचे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मले नाही. मेक्सिको देशातील ओहाका प्रांताच्या डोंगरांत माझातेक नावाचे मूळनिवासी लोक राहतात. त्यांच्यात आजाऱ्यासाठी रात्रभर जागर करून ही अळंबी देण्याची जुनी रीत होती. वाउत्ला नावाच्या गावी मारिया साबिना ही गरीब, निरक्षर बाई असे जागर करीत असे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकन गृहस्थ तेथे पोहोचला. हा गृहस्थ व्यवसायाने बँकेत उपाध्यक्ष होता, त्यामुळे आमचे कुतूहल थोडे अधिकच जागे झाले! त्याने जागरात भाग घेतला आणि १९५७ मध्ये 'लाइफ' या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात छायाचित्रांसह लेख लिहिला. बाईचे व गावाचे नाव त्याने बदलले होते, तरी लोकांनी शोधून काढले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मौजमजेसाठी येणाऱ्या परदेशी तरुणांची रीघ लागली, पोलीस आले, गावकऱ्यांनी सारा दोष त्या बाईच्या माथी मारला आणि तिचे घर जाळण्यात आले. १९८५ मध्ये ती वारली, ती गरिबीतच. इकडे स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्याच अळंबीतून सिलोसायबिन वेगळे काढले आणि ते द्रव्य औषधाच्या गोळीत बसले. आज या द्रव्यावर मोठमोठ्या कंपन्या भांडवल उभे करीत आहेत. ज्यांच्या डोंगरातून ते आले त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी तरी विचारायलाच हवा.

आणखी एक गोष्ट आम्ही गाळू शकत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी संस्था होती. तेथील कैद्यांवर, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, एलएसडीचे प्रयोग करण्यात आले. काहींना ते सलग ७७ दिवस देण्यात आले, आणि प्रयोगात भाग घेतल्याचे बक्षीस म्हणून अमली पदार्थच मिळत. या कामामागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे नंतर उघडकीस आले. रुग्णाचा अनुभव असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाचा आणि कोणाच्या मर्जीने, हे पाहावे लागते ते यासाठी.

पुढे या द्रव्यांचा गैरवापर वाढला. १९७० मध्ये अमेरिकेत कायदा झाला, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि संशोधन जवळजवळ थांबले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आहे. ते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. विद्यार्थी मित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. डोंगरावर फिरायला गेल्यावर "अमुक ठिकाणी मिळते" असे सांगणारे मित्र भेटतात. ते मित्र पोलीस चौकीत सोबत येत नाहीत. शिवाय रानातील अळंबी ओळखण्यात चूक झाली तर यकृत निकामी होऊन माणूस दगावतो, तो धोका वेगळाच.

थांबलेले संशोधन या शतकाच्या आरंभी पुन्हा सुरू झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये रॉबिन कारहार्ट-हॅरिस, डेव्हिड नट आदींनी नैराश्याच्या बारा रुग्णांना सिलोसायबिन देऊन २०१६ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे रुग्णांची संख्या वीस झाली. या वीस जणांना सहा महिन्यांनी गाठून रोझलिंड वॉट्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या. काय बदलले, ते तुमच्या शब्दांत सांगा, असे विचारले. २०१७ मध्ये तो लेख प्रसिद्ध झाला. आम्हांला या साऱ्या वाचनात सर्वांत मोलाचा वाटला तो हाच; कारण तेथे आकडे बाजूला राहतात आणि माणूस बोलू लागतो.

उपचार कसा होतो ते आधी सांगतो. गोळी हातात ठेवून घरी पाठवत नाहीत. अगोदर तपासण्या होतात. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कोणाला भ्रमिष्टपणाचा आजार झालेला आहे, त्यांना घेतच नाहीत. कारण त्यांच्या बाबतीत हे द्रव्य आजार उफाळून आणू शकते. चालू गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या जातात. मग मार्गदर्शकांशी भेटी होतात, ओळख होते, विश्वास बसतो. प्रत्यक्ष दिवशी रुग्णालयातील खोलीत मंद उजेड, एक पलंग, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत आणि उशाशी दोन मार्गदर्शक दिवसभर बसलेले. ते फारसे बोलत नाहीत. रुग्ण घाबरला तर हात धरतात. लंडनच्या पहिल्या रुग्णांना आधी १० मिलिग्रॅम आणि आठवड्याने २५ मिलिग्रॅम मात्रा दिली गेली. दुसऱ्या दिवसापासून, काय दिसले, काय वाटले, यावर पुन्हा बोलणे.

हे रुग्ण काय म्हणाले? त्यांच्या बोलण्यात दोन सूत्रे संशोधकांना आढळली. पहिले सूत्र तुटलेपणाकडून जोडलेपणाकडे जाण्याचे. नैराश्यात असताना आपण स्वतःपासून, माणसांपासून, सगळ्या जगापासून तुटलो होतो, मनाच्या तुरुंगात बंद होतो, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे आहे. बायकामुले समोर असत, पण मध्ये काच असल्यासारखे वाटे. औषधानंतर ती काच निघाली. काहींना झाडे, आकाश, रस्त्यावरची माणसे नव्याने दिसू लागली. काहींनी वर्षानुवर्षे न भेटलेल्या मित्रांना दूरध्वनी केला. सोडून दिलेले छंद कोणी पुन्हा धरले. आजाराच्या आधी आपण जो माणूस होतो तो आत अजून आहे, याचा शोध काहींना लागला. एकाने तर आपल्या मेंदूची स्थिती अस्ताव्यस्त झालेला संगणक लावून घ्यावा तशी झाली, अशी उपमा दिली.

दुसरे सूत्र टाळण्याकडून स्वीकाराकडे जाण्याचे, आणि ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. वाचकांची अशी समजूत असेल, आमचीही होती, की नशेत माणूस दुःख विसरतो; येथेही रुग्णाला सहा तास सुखात ठेवत असतील. प्रत्यक्षात उलटे घडले. पुष्कळांना त्या सहा तासांत तेच भेटले ज्यापासून ते आयुष्यभर पळत होते. कोणाला मेलेले आईबाप भेटले, कोणाला बालपणीचा मार आठवला, कोणी वर्षांपूर्वी आत दाबून टाकलेले रडणे त्या पलंगावर मोकळे केले. भीती वाटली, मळमळले, नको नको झाले. मार्गदर्शकांची शिकवण एवढीच की पळू नका, जे येते आहे त्याच्याकडे जा. जे गेले, त्यांच्यापुढे ती भीती विरघळली, असे ते सांगतात. त्या दिवसाला 'मजा' म्हणावे असे त्यात काही नव्हते. आयुष्यातील अत्यंत कठीण दिवसांपैकी तो एक होता, असेच बहुतेकांच्या बोलण्यातून दिसते.

आधीच्या उपचारांविषयीही या रुग्णांना विचारले होते. गोळ्यांनी दुःख बोथट झाले, पण त्यासोबत आनंदही बोथट झाला, अशी अनेकांची तक्रार होती. समुपदेशनाची सत्रे मोजकी मिळाली. कोठे मन मोकळे होऊ लागते न लागते तोच ती संपली. ही तक्रार इंग्लंडमधल्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्यसेवेतल्या रुग्णांची आहे. आपल्याकडील सरकारी रुग्णालयात बाहेरच्या लांबलचक रांगेतून आत गेल्यावर डॉक्टरांसमोर किती मिनिटे मिळतात, ते प्रत्येकाने आपल्या अनुभवाने ताडून पाहावे.

येथवर वाचून कोणाला वाटेल, मग अडले कोठे? अडले ते असे. पहिल्या बारांपैकी आठ जण एका आठवड्यानंतर नैराश्यमुक्त होते. तीन महिन्यांनी पाचच उरले. वॉट्स बाईंच्या मुलाखतींतही काहींचा जोडलेपणा आठवडे-महिन्यांत ओसरला, जुना अंधार परत आला. असा प्रकाश दिसून पुन्हा नाहीसा होणे हे काहींना आधीपेक्षा जड गेले. उपचार संपल्यावर माणूस त्याच घरात, त्याच नोकरीत, त्याच एकटेपणात परतला. नेदरलँडमध्ये एकच मात्रा मिळालेल्या रुग्णांच्या मुलाखती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पूर्वतयारीला वेळ पुरला नाही, नंतरची सोबत अपुरी पडली, अशा तक्रारी त्यांत आहेत.

शिवाय बारा माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. रुग्णाला आशा असली की नुसत्या आशेनेही काही काळ बरे वाटते. म्हणून शास्त्रात निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना लुटुपुटीचे देतात, आणि कोणाला काय दिले ते गुपित ठेवतात. येथे ते गुपित राहतच नाही! छत फिरू लागले की रुग्णाला कळते, आपल्याला खरे मिळाले. सहा तास काहीच झाले नाही की दुसऱ्याला कळते, आपल्या वाट्याला निराशा आली. हा पेच अजून कोणी नीट सोडवलेला नाही.

२०२१ मध्ये इंपीरियल कॉलेजनेच ५९ रुग्णांवर तुलना केली. ३० जणांना सिलोसायबिनच्या दोन मोठ्या मात्रा आणि २९ जणांना एस्सिटालोप्रॅम ही रोजची गोळी, जी आपल्याकडील कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळते. सहा आठवड्यांनी नैराश्य मोजण्याच्या ठरलेल्या मुख्य मापावर दोन्ही गट सुधारले आणि दोहोंतला फरक निर्णायक ठरला नाही. इतर काही मापांवर सिलोसायबिन पुढे दिसले, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये, असे नियतकालिकातच नमूद आहे. त्या विद्यार्थ्याच्या बहिणीने जो मजकूर वाचला त्यात ही गोष्ट नव्हती. तिने फेकून दिलेली गोळी तशी फुकट नव्हती.

२०२२ मध्ये दहा देशांतील २३३ रुग्णांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी शंभरातील ३७ रुग्णांना लक्षणीय उतार पडला; नावापुरती १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत १८. तो उतार बारा आठवडे टिकला तो पहिल्या गटात शंभरातील २० जणांचा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास पुष्कळांना झाले. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रकार तिन्ही गटांत काही रुग्णांत नोंदले गेले. म्हणजे औषधात काहीतरी आहे, पण ते संजीवनी नाही. वर्तमानपत्रांतील मथळे आणि हे आकडे शेजारी ठेवले की आमच्या बँकेतील जाहिरात आणि पासबुक यांची आठवण होते.

या आकड्यांमागे आणखी एक आकडा आहे. १९९३ ते २०१७ या काळातील अशा १८ प्रयोगांचा आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. त्यांतील २८२ रुग्णांपैकी शंभरी ८२ गोरे होते. कृष्णवर्णीय शंभरी अडीच, आशियाई त्याहूनही कमी. ज्यांच्या अंगावर लेक्झिंग्टनमध्ये विष उतरवून पाहिले, त्यांना औषधाच्या रांगेत जागा नाही. आणि ज्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अपमानाचे ओझे आहे, त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून अनोळखी माणसाच्या हाती सहा तास स्वतःला सोपवता येईल काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. कॅनडात एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याच्या एका प्रयोगात मार्गदर्शकांनीच बेसावध रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचे नंतर उघडकीस आले.

येथे आपल्या समाजाविषयी दोन शब्द. २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या मृत्यूंना कोणत्याही आजाराचे नाव देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण मन मोडण्याची कारणे नेहमी मेंदूतील रसायनांतच नसतात, ती वसतिगृहात, कचेरीत, शिष्यवृत्तीच्या थकलेल्या हप्त्यातही असतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अपमानावर अळंबी चालत नाही. मात्र म्हणून आजारी माणसाचे औषध नाकारावे असेही नाही. काट्यावर खटला चालवायचा आणि काटा काढायचाही. दोन्ही कामे करावी लागतात.

आता पाचवे शील. त्या दिवशी वर्गात "नशा ती नशा" म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि का असू नये? दारूने आपल्या वस्त्यांची काय गत केली ते आम्ही लहानपणी शेजारच्या घरांत पाहिले आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा उगीच नाही. पण विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरण आहे. पिलिंदवच्छ नावाच्या स्थविरांना वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेलाचा काढा सांगितला आणि त्यात मद्य घालावे लागेल असेही सांगितले. तथागतांनी अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खूंनी त्या निमित्ताने तेलात भरमसाट मद्य ओतले व ते झिंगले. तेव्हा तथागतांनी मर्यादा घातली की मद्याचा रंग, वास वा चव कळणार नाही इतकेच घालावे. म्हणजे औषध आणि चैन यांतील रेघ अडीच हजार वर्षांपूर्वीच ओढलेली आहे, आणि औषधाच्या नावाखाली चैन करणारेही तितकेच जुने आहेत!

ही गोष्ट सिलोसायबिनला तंतोतंत लागू पडते, असा दावा आम्ही करीत नाही. तेथे मद्य इतके थोडे की चव कळू नये. येथे तर मती पालटणे हाच औषधाचा गुण. शीलाचा रोख बेसावधपणावर आहे असे आम्ही समजतो. देखरेखीखाली, एकदा-दोनदा, आपले दुःख टाळण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी घेतलेले औषध बेसावधपणा वाढवते की घटवते, यावर अभ्यासवर्गात दोन रविवार वाद झाला. वर्गातील ज्येष्ठांचे मत आमच्याहून कडक आहे, आणि ते येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे.

एका बाबतीत मात्र आम्हीच कडक आहोत. काही रुग्ण सांगतात की त्यांना विश्वाशी एकरूप झाल्यासारखे वाटले, आणि त्यावरून काही लेखक लगेच ब्रह्म, आत्मा, परमात्मा यांच्या गप्पा सुरू करतात. बुद्धाचे नावही त्यात बिनदिक्कत ओवतात. रुग्णाला जे वाटले ते खरेच वाटले, त्याबद्दल शंका नाही. पण औषधाच्या अमलाखाली दिसले म्हणून ते विश्वाचे सत्य ठरत नाही. तापात भिंत हलताना दिसते म्हणून भिंत हलत नसते. बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञेचा धम्म दिला तो असल्या चमत्कारांतून सोडवण्यासाठीच. दुःखाकडे पाठ न फिरवता पाहणे, एवढाच या अनुभवांचा आणि आपल्या शिकवणुकीचा सांधा आम्हांला दिसतो, आणि तो पुरेसा आहे.

सध्याची स्थिती थोडक्यात. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात खास परवानगी मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देण्याची मुभा मिळाली. असे करणारा तो पहिला देश. खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, कारण औषधाहून दोन माणसांचे दिवसभराचे बसणे महाग. आपल्याकडे आज मिळू शकतात ते मनोविकारतज्ज्ञ, त्यांच्या गोळ्या आणि समुपदेशन. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. तेथे मराठीतही बोलता येते. संस्थेच्या फलकावर हा क्रमांक लावला आहे.

त्या बहिणीविषयी सांगायचे राहिले. डॉक्टरांनी तिला रागावले नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, झोप परतली. कार्तिक पौर्णिमेला ती भावासोबत विहारात आली होती. या लेखाचे कच्चे टिपण आम्ही तिला वाचायला दिले, कारण तिची हकीकत तिच्या परवानगीवाचून छापणे योग्य नव्हते. ती कोपऱ्यात सतरंजीवर बसून बराच वेळ वाचत होती. नंतर कागद परत देताना तिने एका ओळीवर बोट ठेवले. गोळ्यांनी दुःखासोबत आनंदही बोथट झाला, ही लंडनच्या रुग्णांची तक्रार. "हे माझंच आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, असं फक्त मलाच होतं. म्हणून मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही."

पुढच्या तारखेला तिने ते सांगितले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे.